सी मध्ये छापलेले रकाने का वाकतात आणि दशांश का हुकतो: प्रिंटएफ नीट कसं वापरायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका प्रोग्रॅममध्ये सेन्सरचं नाव, किती वेळा वाचन घेतलं तो आकडा आणि सरासरी तापमान असा तीन रकान्यांचा तक्ता छापायचा आहे. टॅब घालून पाहिले. लहान नावांना ते चाललं, पण मोठं नाव आलं की ओळ सरकते. दशांशी संख्येसाठी %एफ वापरलं की दशांशानंतर सहा आकडे येतात. ते दोनवर आणले तर २.६७५ चं २.६८ व्हायच्या ऐवजी २.६७ होतं. आणि नावं मराठीत दिली की सगळाच तक्ता विस्कटतो.

मी छोट्या कंट्रोलर बोर्डांसाठी सी लिहिते आणि दिवसाचा बराच वेळ लॉग वाचण्यात जातो, त्यामुळे या चारही अडचणी माझ्या ओळखीच्या आहेत. वरवर त्या वेगवेगळ्या वाटतात, पण बऱ्याच गोंधळाचं मूळ एकच आहे. तुम्ही काय पाठवलंय हे प्रिंटएफला, म्हणजे सी मधल्या छापायच्या फंक्शनला, दिसत नाही. फॉरमॅटमध्ये (कसं छापायचं ते सांगणाऱ्या अवतरणातल्या मजकुरात) तुम्ही जे सांगाल तेच ते खरं मानतं, आणि मोजतं तेही बाइटमध्ये. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडत जातं.

एक सूचना आधीच देते. खाली मी %डी (पूर्णांकासाठी), %एस (मजकुरासाठी), %एफ (दशांशी संख्येसाठी) असं लिहिलंय. कोडमध्ये ही इंग्रजी लहान अक्षरं असतात आणि अंकही इंग्रजी असतात, तसंच टाइप करा.

टॅबचं पटकन संपवू. टॅब म्हणजे ठराविक जागा नव्हे, 'पुढच्या थांब्यापर्यंत जा' अशी ती खूण आहे. थांबे बहुतेक ठिकाणी आठ-आठ स्तंभांवर असतात. सात अक्षरांचं नाव पहिल्या थांब्यावर थांबतं, आठ अक्षरांचं दुसऱ्यावर जातं. शिवाय एडिटरमध्ये कुणी थांबे चारवर ठेवले असतील तर तुमचा तक्ता त्याच्याकडे वेगळाच दिसेल. रकान्यांसाठी टॅब वापरू नका.

आता रुंदी. टक्क्याची खूण आणि शेवटचं अक्षर यांच्यामध्ये जो आकडा येतो ती रुंदी:

"%-१२एस|%६डी|%८.२एफ"

नावाला १२ जागा आणि डावीकडून सुरुवात (वजाची खूण त्यासाठी), वाचनांच्या संख्येला ६ जागा, तापमानाला ८ जागा आणि त्यातले दशांशानंतरचे आकडे दोन. वजाची खूण नसेल तर मजकूर आणि आकडे दोन्ही उजवीकडे टेकतात. आकडे उजवीकडेच हवेत, म्हणजे एककाखाली एकक येतो. मजकूर मात्र डावीकडून वाचला जातो, म्हणून त्याला वजा.

इथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी फसतो. ही रुंदी किमान असते, कमाल नाही. %६डी ला ४२ दिलं तर आधी चार रिकाम्या जागा येतात. १२३४५६७ दिलं तर सातही आकडे छापले जातात आणि पुढचा रकाना एक घर सरकतो. प्रिंटएफ रुंदीसाठी कधीही काही कापत नाही, आणि ते योग्यच आहे. तक्ता वाकडा दिसला तर डोळ्याला खुपतं, पण आकड्याचा पहिला अंक गुपचूप गायब झाला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मजकूर कापायचा असेल तर बिंदूनंतरचा आकडा द्यायचा. %.१२एस म्हणजे जास्तीत जास्त १२ बाइट, आणि %-१२.१२एस म्हणजे कमीही नाही, जास्तही नाही. बिंदूनंतरच्या आकड्याचा अर्थ प्रकाराप्रमाणे बदलतो, हे एकदा नीट बसवून घ्या. मजकुरासाठी ती कमाल लांबी, %एफ साठी दशांशानंतरचे आकडे (काहीच दिलं नाही तर ६, तुमचे सहा आकडे इथूनच आले), आणि %डी साठी कमीत कमी अंक. म्हणजे %.५डी ला ४२ दिलं की ०००४२ येतं. %०५डी नेही तेच येतं, पण ऋण संख्येत फरक दिसतो: -४२ साठी %०५डी मध्ये वजाची खूण पाच जागांत धरली जाते आणि -००४२ मिळतं, तर %.५डी मध्ये पाच अंक वेगळे मोजून -०००४२ मिळतं.

मी स्वतः नावं कापत नाही. 'पंप_मुख्य_१' आणि 'पंप_मुख्य_२' कापल्यावर एकसारखी दिसतात आणि मग लॉग वाचून कुणी भलताच पंप बंद करतो. त्याऐवजी आधी एक फेरी मारून सर्वांत लांब नाव शोधते आणि रुंदी चालू प्रोग्रॅममधूनच देते. त्यासाठी आकड्याच्या जागी तारा लिहायचा:

प्रिंटएफ("%-*एस|%६डी|%८.२एफ\एन", रुंदी, नाव, वाचनं, सरासरी);

ताऱ्याची किंमत नावाच्या आधी जाते आणि ती इंट, म्हणजे साध्या पूर्णांक प्रकाराची, असायलाच हवी. मजकुराची लांबी मोजणारं एसटीआरलेन जे परत करतं ते साइझ-टी (आकार मोजायचा पूर्णांक प्रकार) असतं, इंट नव्हे. ६४ बिटच्या मशीनवर दोघांचे आकार वेगळे असतात. म्हणून एसटीआरलेनचं उत्तर थेट ताऱ्याला देऊ नका, (इंट) असं कास्ट करून, म्हणजे प्रकार बदलून, द्या. आणि शीर्षकाची ओळही त्याच रुंद्या वापरून छापा, फक्त तिन्ही ठिकाणी एस: "%-*एस|%६एस|%८एस". शीर्षकात हाताने मोजून रिकाम्या जागा घातल्या तर सहा महिन्यांनी कुणीतरी खालची रुंदी बदलतो आणि वरची तशीच राहते.

प्रिंटएफला तुमचा प्रकार दिसत नाही म्हणाले, ते इथे खोलवर लागू होतं. हे कितीही आर्ग्युमेंट घेणारं फंक्शन आहे. अशा फंक्शनला पाठवताना चार (हा आकडा नव्हे, एका बाइटचा कॅरेक्टर प्रकार) आणि शॉर्ट या लहान पूर्णांकांचं इंट होतं, फ्लोट या लहान दशांशी प्रकाराचं डबल हा मोठा प्रकार होतो, आणि पलीकडे फक्त बिट पोचतात. त्या बिटांना काय समजायचं ते फॉरमॅट ठरवतं. %डी लिहून ३.५ पाठवलं तर ३ छापलं जाईल अशी अनेकांची समजूत असते. तसं होत नाही. लिनक्सवरच्या ६४ बिट एक्स८६ मध्ये पूर्णांक प्रोसेसरमधल्या एका प्रकारच्या रजिस्टरमधून (छोट्या साठवणजागेतून) जातात आणि दशांशी संख्या वेगळ्याच रजिस्टरमधून. %डी पाहून प्रिंटएफ पूर्णांकाच्या रजिस्टरमध्ये डोकावतं, तिथे ३.५ नसतंच. आधीचं जे काही पडून असेल ते छापलं जातं, म्हणून दर वेळी वेगळा कचरा दिसतो. भाषेच्या नियमानुसार ही अनिश्चित वर्तणूक आहे, म्हणजे काहीही होऊ शकतं.

उपाय सोपा आहे. जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरला -वॉल हा पर्याय द्या. फॉरमॅट आणि आर्ग्युमेंट जुळत नसतील तर कंपायलर तिथेच सांगतो. ही सूचना दुर्लक्षित करू नका, ती जवळजवळ नेहमी खरी असते.

फ्लोटचं आपोआप डबल होतं म्हणून छापताना दोघांसाठी %एफ चालतं. पण वाचताना, स्कॅनएफमध्ये, पत्ता पाठवतो आणि पत्त्याचं असं रूपांतर होत नाही. तिथे डबलसाठी %एलएफ लागतंच. छापताना चाललं म्हणून वाचताना तेच लिहिलं तर व्हेरिएबल अर्धंच भरलं जातं.

मोठ्या पूर्णांकांचंही असंच. लाँग हा प्रकार ६४ बिट लिनक्सवर ८ बाइटचा असतो आणि ६४ बिट विंडोजवर ४ बाइटचा. त्यामुळे ६४ बिटच्या ठराविक आकाराच्या संख्येला %एलडी लावलं तर एका ठिकाणी चालतं आणि दुसऱ्या ठिकाणी मोडतं. (लाँग लाँग) असं कास्ट करून %एलएलडी लिहा, मला तेच वाचायला सोपं जातं. साइझ-टी साठी १९९९ च्या मानकापासून %झेडयू आहे, तेच वापरा.

बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायात) छापणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे, कारण त्यात माझे दोन दिवस गेले होते. एका सिरियल पोर्टवरून आलेली माहिती मी %०२एक्स ने छापत होते. बहुतेक बाइट दोन-दोन अंकांत नीट यायचे, मधेच एखादा 'एफएफएफएफएफएफ८५' असा आठ अंकी यायचा. मला वाटलं वायरिंगमध्येच गोंधळ आहे. खरं कारण असं की बफर साध्या चारचा होता आणि त्या कंपायलरवर चारला चिन्ह होतं. ८५ हेक्समध्ये सर्वांत वरचा बिट १ आहे, म्हणून ती ऋण संख्या ठरली, इंट होताना वरचे सगळे बिट १ ने भरले गेले आणि एफएफएफएफएफएफ८५ तयार झालं. ७एफ पर्यंतचे बाइट बरोबर आणि ८० पासूनचे बिघडलेले दिसले की आधी हेच तपासा. बफर अनसाइन्ड चारचा करा, किंवा %०२एचएचएक्स लिहा.

आता २.६७५. प्रिंटएफची इथे काहीच चूक नाही. तीच संख्या %.२०एफ ने छापून पाहा:

२.६७४९९९९९९९९९९९९८२२३६

डबलमध्ये २.६७५ साठवताच येत नाही. बायनरीत त्याचा अपूर्णांक संपत नाही, म्हणून सर्वांत जवळची संख्या ठेवली जाते आणि ती २.६७५ पेक्षा किंचित लहान आहे. तिला दोन आकड्यांवर आणलं की २.६७ हेच खरं उत्तर. काही जण छापण्याआधी ०.०००००१ मिळवतात. तसं करू नका. दुसऱ्या एखाद्या संख्येला ते वर ढकलतं जिला खालीच राहायला हवं होतं, आणि ऋण संख्येत तर उलट्याच दिशेने नेतं.

याहून वेगळी गोष्ट आहे बरोबर मध्यावर असलेल्या संख्यांची. ०.१२५ डबलमध्ये तंतोतंत बसतं. ते %.२एफ ने छापलं तर लिनक्सवरची सी लायब्ररी जीलिबसी ०.१२ देते, आणि ०.३७५ चं ०.३८ देते. बरोबर अर्ध्यावर असेल तेव्हा शेवटचा अंक सम होईल अशा बाजूला जायचं, असा तो नियम आहे. %.०एफ ने २.५ चं २ आणि ३.५ चं ४ होतं, तेही याच नियमाने. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या लायब्ररीत मात्र ०.१२५ चं ०.१३ व्हायचं. एकाच प्रोग्रॅमचे दोन मशीनवरचे आउटपुट शेवटच्या अंकात वेगळे आले तर गोंधळून जाऊ नका, हे कारण आधी पाहा.

मग दोन दशांश अचूक हवेत तर काय करायचं? संख्या दशांशी ठेवूच नका. तापमान अंशाच्या शतांशात पूर्णांक म्हणून साठवा: २३.४५ अंश म्हणजे २३४५. बेरीज, तुलना, सगळं पूर्णांकात करा आणि फक्त छापताना बिंदू घाला. छोट्या बोर्डांवर याचा दुसराही फायदा आहे. न्यूलिब-नॅनोसारख्या हलक्या लायब्ररीत %एफ मुळात चालूच नसतं, ते लिंकरला सांगून मुद्दाम आत घ्यावं लागतं आणि त्याने प्रोग्रॅम फुगतो.

पण बिंदू घालताना पहिल्यांदा सगळे जे लिहितात ते मीही लिहिलं होतं (त म्हणजे शतांशातलं तापमान):

प्रिंटएफ("%डी.%०२डी", त / १००, त % १००);

उन्हाळाभर हे छान चाललं. पारा शून्याखाली गेला त्या रात्री लॉगमध्ये '-३.-५' दिसायला लागलं. सी मध्ये भागाकार शून्याकडे कापला जातो आणि बाकीला मूळ संख्येचं चिन्ह मिळतं. -३०५ भागिले १०० म्हणजे -३, बाकी -५. आणि -५ शतांशाचं तर '०.-५' होतं, म्हणजे चिन्ह भलत्याच जागी. म्हणून चिन्ह वेगळं काढायचं आणि उरलेलं धन करून छापायचं:

इंट म = त < ० ? -त : त;
एसएनप्रिंटएफ(ब, साइझऑफ ब, "%एस%डी.%०२डी", त < ० ? "-" : "", म / १००, म % १००);

मधल्या %०२डी मधलं शून्य विसरलात तर ३.०५ चं '३. ५' होईल. हे मी आधी छोट्या बफरमध्ये (वरचा ब) बनवते आणि मग तक्त्यात %८एस ने टाकते, म्हणजे चिन्हासकट सगळं एकत्र उजवीकडे टेकतं. ३२ बिट इंटला चिन्ह, आठ अंक, बिंदू, दोन अंक आणि शेवटचा शून्य बाइट मिळून १३ बाइट लागतात. मी १६ चा बफर घेते. इंटमधली सर्वांत लहान संख्या उलटी करता येत नाही, पण तापमान तिथवर जात नाही.

दशांशी संख्याच ठेवायच्या असतील तर एक बारीक गोष्ट सांगते. -०.००१ ला %.२एफ लावलं की '-०.००' छापलं जातं. वाचणाऱ्याला ती चूक वाटते. अहवालात ते नको असेल तर आधी तपासून शून्य करा. %जी चा मोह तक्त्यात टाळा. ते शेवटची शून्यं उडवतं आणि १०००००० आलं की थेट १ई+०६ असं लिहितं, त्यामुळे बिंदूखाली बिंदू येतच नाही. %जी मला एकाच कामासाठी आवडतं: डबल फाइलमध्ये लिहून नंतर जशीच्या तशी परत वाचायची असेल तेव्हा %.१७जी. सतरा अंकांत कुठलीही डबल न बिघडता परत मिळते.

हजारांचे स्वल्पविराम सी च्या मानकात नाहीत. पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात) त्यासाठी एकेरी अवतरणाची खूण आहे आणि ती लोकॅलवर, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगवर, चालते, म्हणून सेटलोकॅल बोलावल्याशिवाय काहीच दिसत नाही. गट नेहमी तीन-तीनचेच असतात असंही धरू नका, गटांची लांबी लोकॅलच ठरवतं.

आता मराठी नावं, जिथे खरी मेख आहे. %-१२एस मधले बारा म्हणजे बारा अक्षरं नाहीत, बारा बाइट. मजकूर बाइटमध्ये साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं आहेत. 'छत' म्हणजे दोन चिन्हं, ६ बाइट. 'टाकी' म्हणजे ट, काना, क, वेलांटी: चार चिन्हं, १२ बाइट. 'भट्टी' म्हणजे भ, ट, हलन्त, ट, वेलांटी: पाच चिन्हं, १५ बाइट. आता %-१२एस ला ही तिन्ही नावं द्या. 'छत'नंतर सहा रिकाम्या जागा पडतात, 'टाकी'नंतर एकही नाही आणि 'भट्टी'नंतरही नाही. पडद्यावर तिन्ही शब्द जेमतेम दोन-दोन अक्षरांचे दिसतात, पण पुढचा रकाना कुठे सुरू होईल याचा नेम उरत नाही. कापण्याचं तर आणखी वाईट. %.१०एस ने 'भट्टी' कापलं तर तीन चिन्हांचे ९ बाइट आणि चौथ्या चिन्हाचा फक्त पहिला बाइट बाहेर पडतो. टर्मिनल त्या अर्धवट बाइटच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन दाखवतं.

यावर मार्ग असा की प्रिंटएफला मोजू द्यायचं नाही, स्वतः मोजायचं आणि रिकाम्या जागा वेगळ्या छापायच्या:

प्रिंटएफ("%एस%*एस|", नाव, भर, "");

रिकामी स्ट्रिंग दिलेल्या रुंदीत छापली की तेवढ्याच मोकळ्या जागा मिळतात. 'भर' म्हणजे हवी असलेली रुंदी वजा पडद्यावरची रुंदी. ती ऋण झाली तर आधी शून्य करा. ताऱ्याला ऋण किंमत दिली की ती वजाची खूण आणि धन रुंदी अशी धरली जाते, आणि -३ ला तुम्हाला शून्याऐवजी तीन जागा मिळतात.

पडद्यावरची रुंदी मोजायला पॉझिक्समध्ये डब्ल्यूसीएसविड्थ आहे. सेटलोकॅल करून, मजकूर वाइड कॅरेक्टरमध्ये (प्रत्येक चिन्हाला एक मोठं घर देणाऱ्या प्रकारात) बदलून ते बोलवायचं. मात्र जोडाक्षरांना आणि मात्रांना टर्मिनल स्वतः किती जागा देतो हे प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे एका टर्मिनलवर सरळ आलेली ओळ दुसऱ्यावर अर्धं घर सरकू शकते. यावर बराच वेळ घालवल्यावर मी आता एक साधी गोष्ट करते: आकड्यांचे रकाने आधी आणि मराठी नाव सर्वांत शेवटी. नावानंतर काही जुळवायचंच नसेल तर रुंदी मोजायची गरजच उरत नाही. तुमच्या तक्त्यासाठी माझा सल्ला हाच:

प्रिंटएफ("%६डी  %८एस  %एस\एन", वाचनं, ब, नाव);

वाइड कॅरेक्टरचं डब्ल्यूप्रिंटएफ वापरायचं ठरवलंत तर त्याच आउटपुटवर साधं प्रिंटएफ मिसळू नका. पहिल्या वापरातच ती स्ट्रीम (आउटपुटची वाट) साधी की वाइड, अशी एका बाजूची ठरते आणि दुसऱ्या बाजूचं छापणं चालत नाही.

नाव बाहेरून येत असेल, फाइलमधून किंवा नेटवर्कवरून, तर प्रिंटएफ(नाव) असं कधीही लिहू नका. प्रिंटएफ("%एस", नाव) असंच लिहा. नावात कुणी %एक्स घातलं तर प्रिंटएफ ते फॉरमॅट म्हणून वाचेल आणि मेमरीतल्या गोष्टी बाहेर काढेल. %एन असेल तर ते छापत नाही, उलट मेमरीत लिहितं. २००० च्या सुमारास या एका चुकीतून कित्येक सर्व्हर फोडले गेले. बफरमध्ये लिहितानाही एसप्रिंटएफ सोडून एसएनप्रिंटएफ वापरा. ते परत करतं तो आकडा म्हणजे जागा पुरली असती तर किती बाइट झाले असते तो. हा आकडा बफरच्या आकाराएवढा किंवा मोठा असेल तर मजकूर कापला गेला आहे, आणि हे तपासायला दोनच ओळी लागतात.

शेवटी एक, कारण तक्ता जुळला की लगेच हा प्रश्न येतो. टर्मिनलवर प्रोग्रॅम ओळी एकेक करून दाखवतो, पण आउटपुट फाइलमध्ये वळवलं की फाइल बराच वेळ रिकामी दिसते. टर्मिनलवर एसटीडीआउट (प्रोग्रॅमचं नेहमीचं आउटपुट) ओळ संपली की बाहेर पडतं, फाइल किंवा पाइप असेल तर मोठा बफर भरेपर्यंत थांबतं. त्या वेळी प्रोग्रॅम कोसळला तर बफरमधल्या ओळी जातात आणि चूक खरी झाली त्याच्या खूप आधी झाली असं वाटतं. दर तक्त्यानंतर एफफ्लश(एसटीडीआउट) बोलवा. चुकांचे संदेश एसटीडीएररवर पाठवा, ते बफरमध्ये अडकत नाहीत.